नगरपालिकेचा उंबरा

दारात उभ्या असलेल्या माणसाने टोपी काढून काखेत धरली, माझ्या साडीकडे आणि साडीवर चढवलेल्या पुरुषी स्वेटरकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "सिन्योरा, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

प्रश्न मला कळला नाही असं नव्हतं. द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत मी त्या गावात आले होते आणि आता समोरच्या डोंगरांवर बर्फ उतरलं होतं. तेवढ्या काळात खालच्या मजल्यावरच्या एल्विराबाईंनी मला पाव, दूध, मीठ, किती, पुरे आणि नवरा हे शब्द शिकवले होते. नवरा हा शब्द तर पहिल्याच आठवड्यात. आमच्या घरमालकीण त्या. माझे यजमान जिन्यावर बूट पुसत नाहीत, ही त्यांची रोजची तक्रार होती आणि ती ऐकायला घरात मीच असे.

गाव इटलीच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे माग बनवायचा कारखाना होता. इचलकरंजीत आमच्या गल्लीत जे माग खडखडत असत त्यांचीच ही थोरली भावंडं. यजमानांना मागाच्या आवाजावरून त्याचं दुखणं कळे, म्हणून कारखान्याने त्यांना आधी शिकायला बोलावलं आणि मग ठेवूनच घेतलं. आमचं लग्न झालं आणि पंधरवड्यात ते गेले. मी दोन वर्षं सासरी राहिले, त्यांची पत्रं सासूबाईंना वाचून दाखवली आणि मग एकदाची विमानात बसले.

आल्यावर यजमान म्हणाले की आता तुझा कायमचा पत्ता इथल्या नगरपालिकेत नोंदवायचा. तो नोंदवला की राहायचा परवाना मिळतो, नाहीतर हिवाळा संपला की परत. नोंदवायची रीत अशी की आपण अर्ज करायचा आणि मग कधीतरी, न सांगता, नगरपालिकेचा पोलीस घरी येऊन बघून जाणार, तुम्ही खरोखरच तिथे राहता की नुसतं नाव लावलंय. मला याचं नवल वाटलं होतं. आपल्याकडे कोण कुठे राहतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. कोण कुठे राहत नाही, हेही ठाऊक असतं.

तर तो पोलीस हा. त्याचं नाव ओरेस्ते. ते मला कळलं, कारण मी बोलत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "ओरेस्ते" असं दोनदा म्हटलं आणि मग तेच बोट कारखान्याच्या दिशेला करून भुवया वर केल्या.

मी पदर डोक्यावर घेतला.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आई सांगायची. त्याला पुरावाही होता. माझ्या मावशीने एकदा जत्रेत चुकामूक झाल्यावर काकांना नावाने हाक मारली होती आणि पुढच्याच आठवड्यात काकांना कावीळ झाली. आता दोन वर्षं वाट पाहून मी ज्या माणसाकडे आले होते, त्याला एका टोपीवाल्याच्या शंकेपायी कावीळ व्हावी, हे मला नको होतं.

पण आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही, एवढंही कळत होतं. मी त्याला आत घेतलं. कागद आणला आणि त्यावर यजमानांचं पूर्ण नाव लिहिलं. लिहायला हरकत नसते, सासरी अर्जांवर लिहीतच असे. ओरेस्तेने कागद घेतला, पाहिला, फिरवून खालचं वर करून पाहिला आणि आदराने परत दिला. मला देवनागरीच येत होती, त्याला ती येत नव्हती. पासपोर्ट दोघांचेही पोलीस कचेरीत शिक्क्यासाठी पडलेले. मग मी ट्रंक उघडून लग्नाचा फोटो काढला. त्यात मी खाली मान घालून उभी आहे आणि शेजारी यजमान आहेत. म्हणजे मला ठाऊक आहे की ते यजमान आहेत. त्यांच्या कपाळाला बाशिंग होतं आणि त्याच्या झालरी पार हनुवटीपर्यंत लोंबत होत्या. ओरेस्तेने फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. फोटोतलं माणूस कोणीही असू शकत होतं.

मग त्याने घर पाहायला सुरुवात केली. कपाटात पुरुषाचा एकही सदरा नव्हता, कारण मी त्या दिवशी सगळे धुऊन मागच्या अंगणात वाळत घातले होते. बूट दिसेनात, ते पायांत घालून यजमान कामावर गेलेले. स्वयंपाकघरात टेबल होतं आणि त्याला खुर्ची एक. मी खाली पाटावर बसून जेवत असे, पण हे खुर्चीकडे बघून कळायला काही मार्ग नव्हता. ओरेस्तेने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. एल्विराबाई नेमक्या बाजारात गेल्या होत्या. मी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. ते त्याने उभ्यानेच खाल्ले, हात झटकले, टोपी घातली आणि तो गेला.

संध्याकाळी यजमान आले. त्यांचं बोलणं मोजकं असे. मागांच्या खडखडाटात दिवस गेल्यावर घरी शांतता हवी असते, असं ते म्हणत. मी ताट वाढलं आणि कोण आलं होतं ते सांगितलं.

"काय विचारलं?"

"तुमचं नाव."

"मग?"

"मग काय."

त्यांनी घास खाल्ला. दुसरा घेतला. मग म्हणाले, "सांगितलं नाहीस."

"लिहून दिलं होतं. त्याला वाचता येत नाही."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. भाजी मागून घेतली. मला वाटलं, संपला विषय.

आठ दिवसांनी नगरपालिकेचा कागद आला. यजमानांनी तो उभ्यानेच वाचला आणि मला मराठीत सांगितला. तपासणीत असं आढळलं की सदर घरात एक परदेशी स्त्री आहे. तिला पतीचं नाव ठाऊक नाही. पुरुष राहत असल्याची खूण नाही. खुर्ची एक आहे. तरी दोघांनी कचेरीत समक्ष यावं.

"आणि नाही पटलं त्यांना, तर?" मी विचारलं.

"मार्चात तुला परत जावं लागेल."

"आणि तुम्ही?"

"माझा करार आहे की. तो सोडून मला कसं येता येईल?"

मी भांडी घासत राहिले. इचलकरंजीत मी एकटी उतरले तर काय होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. इटलीच्या सरकारने परत पाठवली, यावर कोण विश्वास ठेवणार? नवऱ्याने पाठवली, हेच जो तो म्हणणार. सासूबाई काही बोलणार नाहीत, आणि तेच जड जाईल. शिवाय एक गोष्ट मी तोवर कुणालाही, पत्रातसुद्धा, सांगितली नव्हती. त्या दोन खोल्या मला आवडायला लागल्या होत्या. सकाळी खिडकी उघडली की समोर डोंगर असे आणि दिवसभर मला कुणी हाक मारत नसे. संध्याकाळी जिन्यावर न पुसलेल्या बुटांचा आवाज आला की मी गॅस पेटवत असे.

यजमानांनी तालीम घ्यायचं ठरवलं. रोज जेवण झालं की ते म्हणत, "चल, घे." मी पदराशी चाळा करत बसे. "अगं, काय होतंय नाव घ्यायला? माझंच आहे, मीच सांगतोय घे म्हणून." मी म्हणे, तुमच्या तोंडावर कसं घेऊ. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून बसले. एकदा माझ्या तोंडून पहिलं अक्षर निघालं आणि मला एवढा खोकला आला की एल्विराबाई खालून पाणी घेऊन आल्या. दाराआड बसलेले यजमान आणि इकडे खोकणारी मी, हे पाहून त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे यजमानांना बरंच सुनावलं.

"तुम्हीही कधी माझं घेत नाही," मी एकदा म्हटलं.

"घ्यायची वेळ येत नाही," ते म्हणाले. "घरात दुसरं कोण आहे? अगं म्हटलं की तूच येतेस."

हे खरं होतं. लग्नापासून मी अगं होते आणि ते अहो होते. त्यावर आमचं ठीक चाललं होतं.

कचेरीच्या दिवशी एल्विराबाई चर्चला घालायचा काळा कोट घालून तयार होत्या. घरमालकिणीची साक्ष चालत नाही, तिला भाड्याचा लोभ असू शकतो, असं त्यांना आधीच कळवलेलं होतं. तरी त्या निघाल्या. आपण साक्ष द्यायला नाही, ओरेस्तेकडे बघायला चाललोय, असं त्या म्हणाल्या. वाटेत त्यांनी यजमानांना चौकातल्या एका दुकानाच्या पायपुसण्यावर बूट पुसायला लावले.

कचेरी वरच्या मजल्यावर होती. एक लांब व्हरांडा, भिंतीला बाक, आणि धुरकट काचेचं दार. आत नोंदणीसाहेब बसत. कपाळावर चष्मा सरकवलेले, सर्दी झालेले गृहस्थ. दोघांना वेगवेगळं विचारायचं ठरलं होतं. आधी यजमानांना आत घेतलं आणि मी व्हरांड्यात बाकावर बसले. काचेतून नुसत्या आकृत्या दिसत होत्या, पण आवाज स्वच्छ येत होता.

साहेबांनी विचारलं, बायकोचं नाव?

यजमान म्हणाले, "रत्नमाला."

मी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली. ते नाव माझंच होतं. बापाने ठेवलेलं, शाळेत हजेरीला पुकारलेलं. पण त्या आवाजात मी ते पहिल्यांदा ऐकत होते. साहेबांना ते नीट लागलं नाही. त्यांनी अक्षरं सांगायला सांगितलं. तिकडे नाव सांगताना प्रत्येक अक्षराला एकेका गावाचं नाव जोडायची पद्धत आहे, म्हणजे घोटाळा होत नाही. यजमानांनी ती पद्धत कारखान्यात उचललेली होती. मागाच्या सुट्या भागांची नावं द्यावीत तशी ती त्यांनी सावकाश दिली. रोम, अंकोना, तोरिनो, नापोली, अंकोना, मिलानो, अंकोना, लिव्होर्नो, अंकोना. माझ्या नावात अंकोना चार वेळा आलं. एल्विराबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या की अंकोनाला त्यांचा एक भाऊ असतो आणि तो चांगला माणूस नाही.

मग दार उघडलं. यजमान बाहेर आले आणि मला जायची खूण झाली. एकमेकांना ओलांडताना ते हळूच म्हणाले, "बोल की."

मी दाराशी गेले. माझ्या मागोमाग एल्विराबाई निघाल्या. ओरेस्ते आत दाराजवळ उभा होता, त्याने ते पाहिलं आणि त्यांना थोपवायला एक हात आडवा करून चौकटीवर टेकवला. एल्विराबाई मागून बोलायला लागल्या, ओरेस्ते त्यांना उत्तर देऊ लागला, आणि मी मधल्यामध्ये उंबऱ्यावर राहिले. समोर त्याचा आडवा हात. आत जाता येईना, मागे एल्विराबाई असल्यामुळे परतताही येईना. साहेबांना या भांडणाचा कंटाळा आला असावा. त्यांनी नाक पुसलं आणि टेबलावरूनच विचारलं, "सिन्योरा, नवऱ्याचं नाव?"

मी त्या हाताकडे पाहिलं.

लग्न होऊन नवरी घरी येते तेव्हा नणंदा दारात हात आडवा करून उभ्या राहतात. नाव घे, मगच आत सोडतो. नाव घ्यायचं ते असं, सगळ्यांच्या देखत, उखाण्यात. तसं घेतलेल्या नावाने कुणाचं आयुष्य कमी होत नाही, उलट तेच घरात येण्याचं तिकीट असतं. मावशीने माझ्यासाठी एक उखाणा बांधून दिला होता आणि मी तो आठवडाभर घोकला होता. पण माझी वरात दाराशी आली त्या दिवशी सासूबाई तापाने फणफणल्या होत्या. धाकटी नणंद त्यांच्या उशाशी, थोरली बाळंतपणाला आलेली, ती उठायच्या स्थितीत नव्हती. कुणीतरी म्हणालं, या या, लवकर आत या, दारात गर्दी नको. मी सरळ आत गेले. माझी वाट कुणी अडवलीच नाही. उखाणा तसाच राहिला.

दोन वर्षं मी त्या घरात राहिले आणि मग या घरात आले, आणि कुठल्याच दारात मला कुणी थांबवून विचारलं नव्हतं.

मी पदर सारखा केला, खाली पाहिलं आणि म्हटलं,

"पंचगंगेच्या काठावर ऊस लागला दाट,
भूपालरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. व्हरांड्यात तो घुमला. एल्विराबाई बोलायच्या थांबल्या. साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. ओरेस्तेने, का कोण जाणे, हात खाली केला.

मी उजवं पाऊल आत टाकलं.

साहेबांनी विचारलं की हे काय होतं. एल्विराबाई बाहेरून म्हणाल्या की प्रार्थना होती, त्यांना ऐकूनच कळलं. साहेबांनी यजमानांना परत आत बोलावलं आणि काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगा म्हणाले. यजमान माझ्याकडे न बघता उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी सांगितलं की ती म्हणते, आमच्या नदीकाठी ऊस चांगला आलाय, आणि मला आत येऊ द्या.

"ऊस म्हणजे?"

"त्याची साखर होते."

साहेब म्हणाले की साखर बिटाची होते. यजमान म्हणाले की आमच्याकडे उसाची होते. साहेबांनी हे ऐकून घेतलं. "आणि नवऱ्याचं नाव?"

"ते आलं मध्ये," ओरेस्ते म्हणाला. "मी ऐकलं. भूपाल. मुद्दाम थांबून म्हणाली."

"मग त्या दिवशी घरी का नाही सांगितलं?"

यजमानांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी यांनी नुसतं विचारलं. वाट कुठे अडवली होती? यजमानांनी ते इटालियनमध्ये सांगितलं. मग आणखीही बरंच सांगितलं. आमच्याकडे दारात कसं उभं राहतात, कोण अडवतं, नाव एरवी का घेत नाहीत. एवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. साहेब लिहायचं सोडून ऐकत बसले. शेवटी ते म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण नवऱ्याचं नाव न घेणारी बायको म्हणजे जरा नवलच.

त्यावर एल्विराबाई आत आल्या. आता त्यांना कुणी अडवलं नाही. त्या म्हणाल्या, "या ओरेस्तेला विचारा की बायकोचं नाव. चाळीस वर्षं झाली, पिएराला तो 'ती' म्हणतो. 'ती वाट बघत असेल', 'ती रागावलीये', असं. मग तीही त्या घरात राहत नाही असं लिहा."

ओरेस्ते टोपी फिरवत राहिला. साहेबांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ टिकली. मग त्यांनी कागद ओढला आणि शिक्का मारला. मारण्याआधी ओरेस्तेला विचारलं की तपासणीत काही बदल करायचाय का. ओरेस्तेने वही काढली, विचार केला आणि म्हणाला, "खुर्ची एकच आहे, ते मात्र खरं आहे."

परतताना आम्ही तिघं एकत्रच निघालो. चौक ओलांडल्यावर यजमान म्हणाले, "ऊस दाट, हे कुणी केलं?"

"मावशीनं."

"कावीळवाली?"

"तीच."

घराशी आलो. ते माझ्या पुढे जिना चढले, दार उघडलं आणि आत न जाता उंबऱ्यात उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहून एक हात चौकटीला लावला. मी म्हटलं, हात काढा, खालून एल्विराबाई येतायत खुर्ची घेऊन. त्या खरंच येत होत्या. जिन्यावर खुर्ची आपटल्याचा आवाज येत होता. तरी यजमानांनी हात काढला नाही. मला दुसरा उखाणा येत नव्हता. तोच पुन्हा म्हटला.

त्यानंतर आम्ही त्याच गावात राहिलो. घरं दोनदा बदलली, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी तपासायला आलं. दुसऱ्यांदा ओरेस्तेच आला होता. दारातच त्याने हात आडवा धरला आणि वाट पाहत उभा राहिला. घेतलेल्या नावाचा काही अपाय झाला नाही. यजमान चौऱ्याऐंशी वर्षं जगले आणि कावीळ त्यांना कधी झाली नाही.

ते गेल्यावर घराच्या नोंदीतून त्यांचं नाव काढायला मी त्याच कचेरीत गेले. व्हरांडा तोच आहे. धुरकट काचेचं दार काढून आता नुसती मोकळी चौकट ठेवली आहे, कुणीही सरळ आत जातं. टेबलाशी एक तरुण मुलगी होती, तिने संगणकावरून नजर न हलवता यजमानांचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिला ते लागलं नाही. अक्षरं सांगा म्हणाली.

मी सांगितली. बोलोन्या, हॉटेल, उदिने, पालेर्मो, अंकोना, लिव्होर्नो. एच या अक्षराचं गाव तिकडे नाही, म्हणून रांगेत मध्येच एक हॉटेल येतं.

तिने ते टिपून घेतलं, आभार मानले आणि एक कळ दाबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की असंही सांगता आलं असतं. त्या पहिल्या दिवशी, ओरेस्ते दारात उभा असताना, सहा ठिकाणं सांगून मी मोकळी झाले असते आणि नाव तोंडात घ्यावं लागलं नसतं.

मला तेव्हा ही गावं माहीत नव्हती, ते बरं झालं.